प्लेटोचा वारसदार आणि वक्तृत्वाचं पाठ्यपुस्तक

सिरियानस हा पाचव्या शतकातला ग्रीक तत्त्वज्ञ. त्याच्या स्वतःच्या नावावर आज फार थोडं लेखन शिल्लक आहे. ॲरिस्टॉटलच्या ‘मेटाफिजिक्स’मधल्या चार भागांवरचं भाष्य आणि हर्मोजेनिस नावाच्या वक्तृत्वशिक्षकाच्या दोन पाठ्यपुस्तकांवरची टीका, म्हणजे विवरण, एवढंच. पहिल्या लेखनाचं नवल वाटत नाही. दुसरं मात्र खटकतं, कारण सिरियानस अथेन्सच्या प्लेटोपंथी पाठशाळेचा प्रमुख होता. प्लेटोचा अधिकृत वारसदार म्हणून तिथे त्याचा मान होता. आणि वक्तृत्वाला भर सभेत ‘खुशामत’ म्हणून हिणवणारा माणूस म्हणजे खुद्द प्लेटो.

मग त्याचाच वारसदार वक्तृत्वाच्या क्रमिक पुस्तकावर ओळीओळीने टिपणं काढायला का बसला? हाच या प्रकरणाचा विषय. याचं एक उत्तर नेहमी दिलं जातं: सात-आठशे वर्षांत तत्त्वज्ञान आणि वक्तृत्व यांचं जुनं भांडण थंडावलं होतं. मला ते पटत नाही. भांडण थंडावलं नव्हतं, त्याचा निकाल लागला होता. त्या निकालाच्या अटी एका बाजूने लिहिल्या होत्या आणि सिरियानसच्या टीकेत त्या अटी वाचता येतात.

मूळ फिर्याद

‘गॉर्जियास’ या संवादात सॉक्रेटिसने केलेला आरोप थोडक्यात असा. वक्तृत्व ही कला नाहीच, सरावाने अंगी आलेली हातोटी आहे. स्वयंपाकी जसा वैद्याचा आव आणून शरीराला हिताऐवजी चवीचं खायला घालतो, तसा वक्ता आत्म्याशी वागतो. पुढे तर सॉक्रेटिस थेट नावं घेतो. मिल्टायडीस, थेमिस्टोक्लीस, कायमन, पेरिक्लीस ही अथेन्सची चार दैवतं. या चौघांनी शहराला बंदरं, गोद्या आणि तटबंद्यांनी फुगवलं, माणसं मात्र सुधारली नाहीत, असं तो म्हणतो.

पण त्याच प्लेटोने ‘फीड्रस’ या दुसऱ्या संवादात एक दार किलकिलं ठेवलं. खरं वक्तृत्व शक्य आहे, पण त्यासाठी वक्त्याला तीन गोष्टी जमायला हव्यात. विषयाची फोड नैसर्गिक सांध्यावर करणं, माणसाच्या आत्म्याचे प्रकार ओळखणं आणि कुठल्या आत्म्याला कुठलं बोलणं लागू पडेल हे जाणणं. म्हणजे आधी तत्त्वज्ञ हो, मग बोल. शिवाय भाषण सजीव प्राण्यासारखं असावं, त्याला डोकं असावं, पाय असावेत, अशीही अट आहे. पुढच्या सगळ्या तडजोडी याच दारातून आत आल्या.

त्याआधी एकदा जोरदार लढाई झाली. दुसऱ्या शतकात एलियस ॲरिस्टायडीस या नामांकित वक्त्याने प्लेटोला, त्याच्या मृत्यूनंतर जवळपास पाच शतकांनी, दोन लांबलचक भाषणांतून उत्तर दिलं. एक वक्तृत्वाच्या बचावाचं, दुसरं त्या चार पुढाऱ्यांच्या. त्याचा मुख्य मुद्दा आजही दमदार वाटतो. शब्द नसेल तर बळी तो कान पिळी. दुबळ्याला बलवानासमोर उभं राहता यावं म्हणून वक्तृत्व जन्माला आलं. न्याय, कायदा, नगर हे सगळं त्याच्या आधारावर चालतं. तत्त्वज्ञानाने आपल्याला परवानगी द्यावी असं ॲरिस्टायडीस कुठेही म्हणत नाही. वक्तृत्व स्वतःच पुरेसं शहाणपण आहे, असा त्याचा दावा आहे.

तत्त्वज्ञांना हा दावा झोंबला. तिसऱ्या शतकातला प्लेटोपंथी तत्त्वज्ञ पॉर्फिरी याने ॲरिस्टायडीसच्या विरोधात सात भागांचा ग्रंथ लिहिल्याची नोंद सापडते. ग्रंथ हरवला, पण लिहिण्यामागची चीड समजते. पॉर्फिरी 263 साली रोममध्ये आपला गुरू, तत्त्वज्ञ प्लोटायनस याच्याकडे आला, त्याआधी अथेन्समध्ये लाँजायनसच्या हाताखाली भाषा आणि साहित्य शिकला होता. प्लोटायनसच्या वर्गातला एक प्रसंग त्यानेच लिहून ठेवला आहे. डायोफेनिस नावाच्या वक्त्याने प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’मधल्या अल्किबायडीसची बाजू घेणारं भाषण वाचलं. शिष्याने विद्येसाठी गुरूची शारीरिक इच्छाही पुरवावी, असा त्याचा सूर होता. प्लोटायनस पुन्हा पुन्हा उठून जायला निघाला, पण सभा संपेपर्यंत कसाबसा थांबला. नंतर त्याने पॉर्फिरीला खंडन लिहायला सांगितलं. पॉर्फिरीने डायोफेनिसचं हस्तलिखित मागितलं तर त्याने ते दिलं नाही. शेवटी ऐकलेलं आठवून पॉर्फिरीने उत्तर लिहिलं आणि त्याच श्रोत्यांसमोर वाचलं. प्लोटायनस बेहद्द खूश झाला.

वक्त्याला हरवायला प्लोटायनसने कुणाला पुढे केलं हे पाहण्यासारखं आहे. वक्तृत्वात मुरलेल्या शिष्याला. याच पॉर्फिरीने वक्तृत्वाच्या पाठ्यपुस्तकांवर टीकाही लिहिल्या होत्या आणि सिरियानस त्याचा आधार घेतो.

अथेन्स: गिऱ्हाईक एक, दुकानं दोन

पाचव्या शतकातलं अथेन्स राजकारणातून केव्हाच बाद झालं होतं. शहर चालत होतं ते शिक्षणावर. आणि शिक्षण म्हणजे मुख्यतः वक्तृत्व, कारण वकिली, सरकारी नोकरी, बिशपचं पद या सगळ्यांचा रस्ता तिथून जायचा. विद्यार्थी मिळवण्याची चढाओढ इतकी, की जहाजातून उतरलेल्या नवख्या पोरांना शिक्षकांचे चेले अक्षरशः पळवून नेत. 336 साली लायबेनियस (पुढे नामांकित वक्तृत्वशिक्षक) अथेन्सला आला तो एका शिक्षकाकडे शिकायचं मनाशी धरून. पण दुसऱ्याच्या टोळीने त्याला धरलं आणि त्या दुसऱ्या शिक्षकाशी निष्ठेची शपथ घेतल्यावर सोडलं. मारामाऱ्या तर एवढ्या होत, की सार्वजनिक जागी वर्ग घेण्याऐवजी शिक्षक घरातल्या खासगी सभागृहात शिकवू लागले.

प्लेटोपंथी पाठशाळा याच गर्दीत होती. प्लेटोच्या मूळ अकादमीशी तिचं सलग नातं नव्हतं. प्लूटार्क नावाच्या अथेन्सकराने (प्रसिद्ध चरित्रकार प्लूटार्क वेगळा) ती नव्याने नावारूपाला आणली. 432 साली तो वारला आणि सूत्रं सिरियानसकडे आली. सिरियानसला पुढे जेमतेम पाच वर्षं मिळाली.

प्लूटार्क वारला त्याच्या आधी वर्ष-दोन वर्षं प्रोक्लस, म्हणजे या पाठशाळेचा पुढचा नामांकित तत्त्वज्ञ, अथेन्सला आला. वय विशीच्या आत. अलेक्झांड्रियात तो वक्तृत्व शिकला होता आणि त्यात चमकलाही होता. त्याचा शिष्य मारिनस याने लिहिलेल्या चरित्रात या आगमनाचं वर्णन आहे, आणि आपल्या प्रकरणासाठी ते सोन्यासारखं आहे. पिरियस बंदरावर प्रोक्लसला घ्यायला निकोलस आला. हा त्याच्याच लिशिया प्रांतातला, अथेन्समध्ये शिकत असलेला तरुण. पुढे तो वक्तृत्वाचा मोठा शिक्षक झाला आणि सुरुवातीच्या सरावपाठांवरचं त्याचं पुस्तक आजही उपलब्ध आहे. शहराकडे चालताना प्रोक्लस दमला आणि वाटेत सॉक्रेटिसच्या स्थानाशी टेकून तिथलं पाणी प्यायला. मारिनस हा शकुन मानतो. अथेन्सच्या वक्तृत्वशिक्षकांनी या हुशार मुलासाठी ओढाताण केली, पण तो सरळ सिरियानसच्या दारात गेला.

तिथे सिरियानसबरोबर कोण बसलं होतं? लाखारेस. हाही वक्तृत्वाचाच शिक्षक, आणि शहरात त्याचा केवढा दबदबा. मारिनसच्या शब्दांत सांगायचं तर काव्यात होमरचा जो मान, तो वक्तृत्वात लाखारेसचा. तरी तो तत्त्वज्ञानात सिरियानसपाशी शिकत होता. संध्याकाळ झाली, मावळतीला नवा चंद्र दिसला. जुन्या देवतांची पूजा उघडपणे करणं तेव्हा धोक्याचं होतं, म्हणून नवख्या पोराला निरोप देऊन दोघांनी एकांतात चंद्रदेवीला नमस्कार करायचं ठरवलं. पण थोडं पुढे गेलेल्या प्रोक्लसनेही चंद्र पाहिला, तिथेच वहाणा काढल्या आणि सगळ्यांदेखत देवीला वंदन केलं. लाखारेस थक्क होऊन सिरियानसला म्हणाला की हा मुलगा एक तर फार मोठं काही चांगलं करेल, नाहीतर त्याच्या अगदी उलट. ही वाक्यरचनाही प्लेटोवरूनच घेतलेली.

बंदरावर वक्तृत्वाचा विद्यार्थी, गुरूच्या ओसरीवर वक्तृत्वाचा शिक्षक, आणि येणारा मुलगाही वक्तृत्व शिकलेला. सिरियानससमोर बसणाऱ्या प्रत्येकाची जडणघडण हर्मोजेनिसच्या पुस्तकावर झाली होती. त्यांच्यापुढे ‘गॉर्जियास’मधल्या शिव्या नुसत्या म्हणून दाखवल्या असत्या, तर वर्ग रिकामा झाला असता.

टीकेच्या आत

हर्मोजेनिसचं स्वतःचं आयुष्य चमत्कारिक होतं. दुसऱ्या शतकात टार्ससला जन्मलेला हा मुलगा पंधराव्या वर्षी इतका गाजला, की सम्राट मार्कस ऑरेलियस त्याचं भाषण ऐकायला आला. मोठा झाल्यावर त्याची वाणी आटली. पोरांमध्ये म्हातारा, म्हाताऱ्यांमध्ये पोर, अशी त्याची टवाळी झाली. पण त्याची पुस्तकं टिकली आणि शाळाशाळांतून चालू लागली. त्यातल्या दोन पुस्तकांवर सिरियानसने लिहिलं. एक वादाच्या स्वरूपाविषयीचं, दुसरं शैलीच्या प्रकारांविषयीचं.

पहिलं पुस्तक काय शिकवतं? आपल्याकडे दिवाणी कोर्टात वादमुद्दे काढतात, साधारण त्याच जातीचं काम. खटला समोर आला की आधी ठरवायचं, वाद नेमका कशावर आहे. हर्मोजेनिस प्रश्नांची उतरंड लावतो. घटना घडली की नाही हेच अस्पष्ट आहे का? असेल तर अनुमानाचा वाद. घटना स्पष्ट आहे, पण तिला नाव काय द्यायचं हे अपुरं आहे का? मग व्याख्येचा वाद. देवळात ठेवलेले कुणाचे तरी खासगी पैसे एकाने चोरले. हा देवस्थानाचा लुटारू की साधा चोर? घटना आणि नाव दोन्ही पक्कं असेल, तर कृत्य योग्य होतं का, म्हणजे गुणाचा वाद. तिथून पुढे फांद्या फुटत जातात आणि एकूण 13 प्रकार होतात.

अनुमानाचं त्याचं गाजलेलं उदाहरण बघा. ओसाड जागी एक माणूस नुकत्याच मारल्या गेलेल्या कुणाचं तरी प्रेत पुरताना सापडतो आणि त्याच्यावर खुनाचा आरोप येतो. विद्यार्थ्याने दोन्ही बाजूंनी बोलायचं. पुरावा कुठे आहे? याला मारण्याची इच्छा होती का? ताकद होती का? घटनाक्रम काय सांगतो? मग आरोपी कारण फिरवतो: मी दयेपोटी पुरत होतो, बेवारस प्रेत पाहवलं नाही. आणि शेवटी तीच खूण उलटवतो: खुनी असतो तर पळून गेलो असतो, इथे खड्डा खणत बसलो असतो का? ही मुद्द्यांची यादी हर्मोजेनिसने आखून दिलेली. पोरं ती घोकायची.

सिरियानसला या पुस्तकात काय दिसलं असेल हे ओळखणं अवघड नाही. ही उतरंड म्हणजे ‘फीड्रस’मध्ये प्लेटोने मागितलेली फोड. एक जात घ्यायची, तिचे दोन भाग करायचे, एकाची पुन्हा फोड करायची, अविभाज्य प्रकारापर्यंत उतरायचं. हर्मोजेनिसने हे वकिली कामासाठी केलं, तत्त्वज्ञानासाठी नव्हे. पण शिक्षकाच्या दृष्टीने मोठी सोय झाली. मुलगा प्रेत आणि खड्डा यांच्या निमित्ताने नकळत विभाजन शिकला. पुढे तेच आत्मा आणि अस्तित्व यांवर चालवायचं. या वाटेवर सिरियानस पहिलाही नव्हता. टीकेत तो एव्हागोरस आणि अक्विला या आधीच्या तत्त्वज्ञांचा हवाला देतो. म्हणजे वक्तृत्वाच्या पुस्तकावर तत्त्वज्ञाने लिहिण्याची रीत तेव्हा बरीच रुळली होती.

दुसऱ्या पुस्तकात शैलीचे सात मूळ गुण आहेत: स्पष्टता, भव्यता, सौंदर्य, वेग, स्वभावदर्शन, सच्चेपणा आणि या सगळ्यांचा योग्य वेळी वापर करण्याची जबर ताकद. त्यांचे पोटभेदही बरेच. प्रत्येक गुण आठ गोष्टींतून उभा राहतो, विचारापासून शब्द, वाक्यखंड, विराम आणि लयीपर्यंत. आदर्श अर्थातच अथेन्सचा विख्यात वक्ता डेमॉस्थेनिस. तो सगळं मिसळू शकतो.

इथे सिरियानस शैलीची व्याख्या देतो: विचार, शब्द आणि रचनेची सगळी वीण यांतून बोलण्याला येणारा, प्रस्तुत व्यक्ती आणि विषय यांना साजेसा गुण. ‘साजेसा’ या शब्दावर माझा डोळा थांबतो. कुणाला काय बोलणं लागू पडेल, ही ‘फीड्रस’मधली अट इथे व्याख्येच्या पोटात आली आहे. शिवाय तो शैलीला ‘गुण’ म्हणतो, म्हणजे कशाच्या तरी आश्रयाने राहणारी गोष्ट. ‘मेटाफिजिक्स’वरच्या भाष्यात हाच माणूस प्लेटोचे शाश्वत आकार वस्तूंपासून स्वतंत्र आहेत, यासाठी ॲरिस्टॉटलवर तुटून पडतो. वक्तृत्वाच्या वर्गात तो डेमॉस्थेनिसची भव्यता स्वर्गात नेऊन ठेवत नाही. ती भाषणात आहे, भाषणापुरती आहे.

पॉर्फिरीचं एक मत त्याच्या टीकेमुळे आपल्यापर्यंत पोचलं: बोलण्याला आत्मा आणि शरीर असतं असं मानलं, तर विचार शोधणं हा त्याचा आत्मा आणि शब्दांत मांडणं हे शरीर. ऐकायला गोड. पण प्लेटोपंथी माणसाने एखाद्या गोष्टीला शरीर म्हटलं की तिची पायरी ठरली. ती आवश्यक आहे, सांभाळायची आहे, आणि खालची आहे.

जिन्यावरची जागा

सिरियानसची ‘फीड्रस’वरची व्याख्यानं त्याचा शिष्य हर्मियास याच्या टिपणांतून शिल्लक आहेत. तिथे एक जुना वाद येतो: हा संवाद प्रेमाबद्दल आहे की वक्तृत्वाबद्दल? इयाम्ब्लिकस या आधीच्या प्लेटोपंथी तत्त्वज्ञाचा नियम होता की प्रत्येक संवादाचं लक्ष्य एकच. हर्मियासचं उत्तर: संवाद सर्व पातळ्यांवरच्या सौंदर्याबद्दल आहे. संवादातला भाषणकार लायसियस तरुण फीड्रसच्या देहावर भाळला. फीड्रस लायसियसच्या भाषणावर भाळला. सॉक्रेटिस तिथून आत्म्याच्या, सद्गुणांच्या, देवांच्या आणि बुद्धिगम्य सौंदर्याकडे चढतो आणि मग पुन्हा खाली उतरत भाषणांपाशी येतो.

या जिन्यात भाषणाचं सौंदर्य देहाच्या एक पायरी वर आहे आणि आत्म्याच्या खाली. प्रकरणाची गुरुकिल्ली मला इथे सापडते. खुशामत म्हणून हाकललेल्या वक्तृत्वाला घरात घेतलं, पण पहिल्या मजल्याच्या खाली. ॲरिस्टायडीसचा दावा असा होता की जिना वगैरे काही नाही, मी आहे तिथेच पुरेसा उंच आहे. त्या दाव्याला या रचनेत जागा उरत नाही. आणि तो खोडून काढायचीही गरज उरत नाही.

अभ्यासक्रमही याच बेताने लावलेला. इयाम्ब्लिकसने ठरवलेल्या वाचनक्रमात प्लेटोचा ‘अल्किबायडीस’ हा संवाद आधी आणि लगेच दुसऱ्या क्रमांकाला ‘गॉर्जियास’. म्हणजे वक्तृत्वाच्या शाळेतून नुकताच आलेला मुलगा दुसऱ्याच संवादात ‘तू शिकलास ती खुशामत’ हे ऐकणार. ते कसं ऐकवायचं हा खरा अध्यापनाचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर सहाव्या शतकातल्या अलेक्झांड्रियातून मिळतं.

हर्मियास अलेक्झांड्रियाला शिकवायला गेला. त्याची बायको एडेसिया ही सिरियानसची नातलग. सिरियानस आधी तिचं लग्न प्रोक्लसशी लावणार होता, पण दैवी संकेताने ते मोडलं अशी कथा आहे. त्यांचा मुलगा अमोनियस, आणि अमोनियसचा शिष्य ऑलिम्पिओडोरस. ‘गॉर्जियास’वरची त्याची व्याख्यानं आज वाचता येतात. समोर बरेचसे ख्रिस्ती विद्यार्थी, पुढे वकील किंवा अधिकारी होणारे. ऑलिम्पिओडोरस सुरुवातीलाच सांगतो की या संवादाचं लक्ष्य वक्तृत्व आहे असं मानणारे चुकतात. नागरिक म्हणून सुखी होण्याची नैतिक तत्त्वं हा त्याचा विषय. एका वाक्यात डंख काढून टाकला. पुढे तो कलेच्या व्याख्या तपासतो आणि खरं वक्तृत्व या कसोटीला उतरतं, लोकांना खूश करणारं उतरत नाही, असा भेद करतो.

मग ॲरिस्टायडीस येतोच. चार शतकं उलटली तरी त्याला उत्तर देणं भाग होतं, कारण वर्गातल्या पोरांनी त्याची भाषणं नमुना म्हणून वाचली होती. ऑलिम्पिओडोरसचा निवाडा मधला आहे: पेरिक्लीस आणि मंडळी खुशामतखोर नव्हती, पण खरे राज्यधुरंधरही नव्हती, त्यांचं वक्तृत्व दोहोंच्या मधलं. प्लेटोच्या संवादात हा मधला खण इतका ठसठशीत नाही. तो शाळेने तयार केला, कारण शाळेला त्याची गरज होती. प्लेटो इतका समजूतदार असता तर ‘गॉर्जियास’ इतका जळजळीत झालाच नसता.

ही तडजोड सगळ्यांच्या पचनी पडली असं मात्र नाही. अथेन्सच्या पाठशाळेचा अखेरचा प्रमुख डॅमाशियस याने तरुणपणी तब्बल नऊ वर्षं वक्तृत्व शिकवलं होतं. तत्त्वज्ञ इसिडोरसच्या सहवासात त्याला त्या वर्षांचा वीट आला आणि शब्दांच्या धंद्यात आत्मा बाजूला पडतो असं वाटून त्याने तो पेशा सोडला. सिरियानसने बांधलेला जिना चढून गेलेला माणूस खालच्या पायरीबद्दल असा बोलतो.

529 मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने अथेन्समधलं तत्त्वज्ञानाचं अध्यापन बंद झालं. हर्मोजेनिसला काही धक्का लागला नाही. बायझंटाइन शाळांत तोच वक्तृत्वाचा प्रमाणग्रंथ राहिला आणि त्याच्याबरोबर टीकाही उतरवून घेतल्या गेल्या. त्यातली सिरियानसची टीका 1892–93 मध्ये ह्युगो राबे याने दोन खंडांत संपादित करून छापली.